गाजुल, गाजूल की गाजुला? कामतघरातल्या एका तेलुगू आडनावाने किती रूपं घेतली?

महाराष्ट्रात आडनावावरून गाव ओळखायची सवय सगळ्यांनाच असते. सातारकर म्हटलं की सातारा, नागपूरकर म्हटलं की नागपूर. पण भिवंडीतल्या कामतघर किंवा पद्मानगरसारख्या भागात ही सवय कामाला येत नाही. इथे गाजूल, येमूल, म्याकल, चिलका, गुर्रम, वंगा अशी आडनावं कानावर पडतात. माणूस मराठी बोलतो, मुलं मराठी शाळेत जातात, घरात गणपती बसतो. मग ही आडनावं कुठली?

ती आहेत तेलंगणातल्या पद्मशाली विणकरांची. यंत्रमागावर काम करायला ही मंडळी पिढ्यान् पिढ्या भिवंडीत येत राहिली आणि आडनावही सोबत आलं. पण येताना ते जसंच्या तसं राहिलं नाही. एकाच घराण्यातला एक भाऊ ‘गाजुला’, दुसरा ‘गाजुल’ आणि पुतण्या ‘गाजूल’ असं होऊ शकतं. ऐकायला गंमत वाटते, पण जातीचा दाखला काढायची वेळ आली की हाच एक काना आणि एक उकार घराला महिनोन् महिने कचेरीच्या फेऱ्या मारायला लावतो.

आधी समजून घ्या, ‘इंटि पेरु’ म्हणजे काय?

तेलुगूत आडनावाला ‘इंटि पेरु’ म्हणतात. इल्लु म्हणजे घर, इंटि म्हणजे घराचं आणि पेरु म्हणजे नाव. थोडक्यात, घराचं नाव.

आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. तेलुगूत उलटं आहे. तिथे घराचं नाव सगळ्यात आधी येतं, माणसाचं नंतर. बऱ्याचदा तर घराचं नाव पूर्ण लिहितही नाहीत, फक्त आद्याक्षर लावतात.

याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव. महाराष्ट्राशी त्यांचं जवळचं नातं होतं. ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते, मराठी उत्तम जाणत होते आणि ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. आपल्याकडे बहुतेकांना वाटतं की त्यांचं आडनाव ‘राव’. प्रत्यक्षात त्यांचं आडनाव होतं पामुलपर्ती. ‘पी. व्ही.’ मधला ‘पी’ म्हणजे तेच. राव हा नावाचाच भाग होता.

दुसरं उदाहरण मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांचं. त्यांचे वडील सनदी अधिकारी होते आणि त्यांना सगळे बी. एन. युगंधर म्हणून ओळखत. बी म्हणजे बुक्कापुरम, एन म्हणजे नडेला. वडिलांच्या नावात जे एका अक्षरात दडलं होतं, ते मुलाच्या नावात जगभर गाजलेलं आडनाव झालं. कारण मुलगा जिथे गेला तिथल्या पद्धतीत आडनाव शेवटी आणि पूर्ण लिहावं लागतं.

भिवंडीत आलेल्या विणकराच्या बाबतीत नेमकं हेच झालं. फरक इतकाच की त्याचं नाव लिहून घेणारा कुणी मुकादम, शाळेचा कारकून किंवा रेशन कार्डवाला होता.

‘गाजुल’चा अर्थ काय?

तेलुगूत गाजुलु म्हणजे बांगड्या. ‘गाजुल’ म्हणजे बांगड्यांचे, बांगड्यांवाले. अनेकवचनाला ‘ल’ लावून ‘अमक्यांचे’ असा अर्थ काढायची तेलुगूची पद्धत आहे आणि शेकडो इंटि पेरु अशीच तयार झाली आहेत.

मेकलु म्हणजे शेळ्या, त्यावरून मेकल. वेमु म्हणजे कडुनिंब, त्यावरून वेमुल. काही आडनावं थेट एका वस्तूवरून किंवा प्राण्यावरून आलेली आहेत. चिलका म्हणजे पोपट, गुर्रम म्हणजे घोडा, कोंडा म्हणजे डोंगर, वंगा म्हणजे वांगं. काही आडनावांत पूर्वजाच्या घराचा पत्ताच असतो. विणकरांसाठी आसू यंत्र तयार करणारे आणि २०१७ मध्ये पद्मश्री मिळालेले चिंतकिंदी मल्लेशम हे तेलंगणातलेच पद्मशाली. त्यांच्या आडनावाचा अर्थ ‘चिंचेखालचे’. म्हणजे आपल्याकडच्या पिंपळे, वडके, लिंबाळे मंडळींचे हे शेजारीच म्हणायचे.

इथे एक घोळ टाळायला हवा. आडनाव गाजुल आहे म्हणून माणूस पद्मशालीच असेल असं नाही. तेलुगूत एकच इंटि पेरु वेगवेगळ्या जातींत सापडतं. एकोणिसाव्या शतकात मद्रासमध्ये ‘क्रेसेंट’ हे वृत्तपत्र काढणारे आणि १८५२ मध्ये मद्रास नेटिव्ह असोसिएशन उभारणारे गाजुल लक्ष्मीनरसू चेट्टी हे व्यापारी होते, विणकर नव्हते.

पद्मशालींमध्ये नातं शोधायला आडनावासोबत गोत्र विचारलं जातं. समाजात १०१ गोत्रं मानली जातात आणि ती ऋषींच्या नावावर आहेत. म्हणून सोयरीक जुळवताना वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘इंटि पेरेंदि?’, म्हणजे घराचं नाव काय? आणि दुसरा प्रश्न गोत्राचा. दोन्ही एकच निघालं तर मुलगा-मुलगी भाऊ-बहीण ठरतात आणि बोलणी तिथेच थांबतात.

मग ‘गाजुल’चं ‘गाजूल’ कसं झालं?

खरी मेख इथे आहे. या बदलामागे कुणाचा निष्काळजीपणा असेलच असं नाही. दोन भाषांचे नियम एकमेकांना भिडले की असं होतं.

तेलुगू शब्द साधारणपणे स्वरानेच संपतो. त्यामुळे तेलुगूत गा-जु-ल अशी तीन अक्षरं लिहिली की वाचणारा शेवटचा ‘ल’ पूर्ण उच्चारतो. मराठीत तसं नाही. आपण ‘कमल’ लिहितो आणि ‘कमल्’ म्हणतो. शेवटच्या अक्षरातला ‘अ’ आपण गिळतो. त्यामुळे गाजुल हा शब्द देवनागरीत आला आणि मराठी माणसाने वाचला की तो ‘गाजुल्’ झाला.

पुढची पायरी शुद्धलेखनाची. मराठीत शेवटी अकार असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहायची रीत आहे. फूल, मूल, कापूस, माणूस ही त्याची उदाहरणं. शाळेतल्या गुरुजींच्या हातालाही हीच सवय. त्यांनी ‘गाजुल’ ऐकलं आणि दाखल्यावर ‘गाजूल’ लिहिलं. सोलापूरचे माजी खासदार धर्मण्णा सादूल यांच्या आडनावाकडे पाहिलं की हा साचा लगेच ओळखू येतो. तेलंगणात हेच आडनाव इंग्रजीतून आलं तर ‘सादुला’ असं वाचलं जातं.

‘गाजुला’ची वाट मात्र वेगळी. तेलंगणात आडनाव आधी इंग्रजीत लिहिलं गेलं. शेवटचा ‘अ’ दाखवायला तिथे ए हे अक्षर लावतात. नंतर महाराष्ट्रातल्या कुणीतरी ते इंग्रजी स्पेलिंग पाहून देवनागरीत उतरवलं आणि त्या ए चा सरळ ‘आ’ केला. झालं गाजुला.

म्हणजे साधा ठोकताळा असा. आडनाव बोलण्यातून मराठीत आलं असेल तर शेवटी ‘ल’ राहतो. इंग्रजी कागदावरून आलं असेल तर ‘ला’ होतो.

यात तेलंगणाच्या बोलीचाही वाटा आहे. तेलुगूत ‘मेक’ लिहिलं तरी तोंडी उच्चार ‘म्याक’कडे झुकतो. मराठी कारकुनाने ऐकलं तसं लिहिलं आणि मेकलचं म्याकल झालं. तेलंगणात कडुनिंबाला पुस्तकी ‘वेप’ऐवजी ‘याप’ म्हणतात, तिथे सुरुवातीच्या ‘व’चा ‘य’ होतो. वेमुलचं येमूल त्यातूनच. गंमत म्हणजे मराठी नोंदीत चुकीचं वाटणारं म्याकल किंवा येमूल हे रूप खेड्यातल्या खऱ्या उच्चाराच्या जास्त जवळ आहे. तेलुगू लिपीत तो उच्चार दिसत नाही, मराठी दाखल्यात मात्र टिकून राहिला.

ही मंडळी भिवंडीत आली कधी आणि का?

पद्मशाली म्हणजे तेलुगू प्रदेशातले विणकर. भावनाऋषी आणि मार्कंडेय ऋषी ही त्यांची श्रद्धास्थानं. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, मेदक या पट्ट्यात हातमागावर पोट चालायचं. गिरणीचं स्वस्त कापड बाजारात आलं, हातमागाचं काम घटलं, त्यात पावसाचा भरवसा नाही. मग माणसं हातातलं कसब घेऊन बाहेर पडली.

पहिल्या मोठ्या ठिकाणांपैकी एक सोलापूर. तिथली जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली. त्या काळात तेलंगणा आणि मराठवाडा दोन्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि सोलापूर संस्थानाच्या सीमेला लागून होतं. त्यामुळे पूर्व सोलापुरात तेलुगू वस्ती इतकी वाढली की पुढे गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल आणि लिंगराज वल्याळ हे लागोपाठ लोकसभेवर निवडून गेले, तर नरसय्या आडम विधानसभेत. आजही नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव निघतो तेव्हा पूर्व भागातले रस्ते भरून जातात.

दुसरं ठिकाण मुंबई. कामाठीपुऱ्याचं नावच निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलेलं आहे. त्यानंतर गिरण्यांनी विणकरांना ओढून घेतलं.

भिवंडीची वाढ यंत्रमागाची. इथे मोठ्या गिरण्या नव्हत्या, शेडमध्ये चार, आठ, चोवीस माग टाकणारे छोटे मालक होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या तसं कापडाचं बरंच काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. मागवाला, कांडी भरणारा, बीम भरणारा, जॉबर, सगळ्यांची गरज वाढली. तेलंगणातून आधी आलेला माणूस गावाकडच्या भावाला, मेहुण्याला बोलावून घ्यायचा. कामतघर, पद्मानगर हे भाग असे भरत गेले. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७ लाखांच्या पुढे होती आणि त्यात उत्तर प्रदेश, बिहारच्या कामगारांबरोबर तेलंगणाचा वाटा जुना आणि ठसठशीत आहे. नवरात्राच्या दिवसांत इथल्या तेलुगू बायका फुलांची बतुकम्मा रचतात, त्यावरून तो सहज लक्षात येतो.

आज हे आडनाव कुठे-कुठे आहे?

नकाशावर खुणा केल्या तर त्या कापडाच्या शहरांवर पडतात. तेलंगणात सिरसिला, करीमनगर, वरंगळ. महाराष्ट्रात सोलापूर, मुंबई, भिवंडी. गुजरातमध्ये सुरत आणि अहमदाबाद. एकाच घराण्याची माणसं या सगळ्या ठिकाणी सापडतात. भिवंडीत धंदा मंदावला की काही सिरसिल्याला परततात, तिथे काम थंडावलं की पुन्हा इकडे येतात.

पुढच्या पिढीत खुणा आखाती देशांत आणि अमेरिकेत पसरल्या. तिथे आडनाव पोहोचलं ते इंग्रजीतून, म्हणून तिथे बहुतेक ‘गाजुला’ हेच रूप रुजलं. थोडक्यात, शेवटच्या अक्षरावरून माणूस कोणत्या वाटेने गेला याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो.

असं जगात इतरत्रही झालं आहे. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या घानामध्ये, अकान समाजात मुलाचं नाव जन्मवारावरून ठेवतात. सोमवारी जन्मला तर कोजो, शुक्रवारी जन्मला तर कोफी. गुलाम म्हणून अमेरिका खंडात नेलेल्या लोकांबरोबर ही नावं तिकडे गेली, इंग्रजी कानांनी ती कुजो, कफी अशी लिहून घेतली आणि पुढे त्यांची आडनावं झाली. अमेरिकेतले जहाजमालक पॉल कफी यांचा जन्म १७५९ चा. त्यांच्या वडिलांना गुलाम म्हणून आणलं होतं आणि घराला मालकाचं ‘स्लोकम’ हे आडनाव चिकटलं होतं. मुलाने ते टाकलं आणि वडिलांचं कोफी हे नाव आडनाव म्हणून घेतलं. तिथे साखळदंड होते, इथे भूक आणि कामाचा शोध, त्यामुळे दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. पण लिहून घेणारा दुसऱ्या भाषेचा असला की नाव त्याच्या कानातून जातं, एवढं दोन्हीकडे सारखं.

एका काना-उकाराने काय बिघडतं?

समजा, सिरसिल्याचा एक विणकर १९६० च्या सुमारास भिवंडीत आला. गावच्या जुन्या नोंदीत त्याच्या वडिलांचं नाव उर्दूत आहे, कारण निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, म्हणजे ‘जु’ की ‘ज’ हे वाचणाऱ्यावर सोडलेलं. विणकराचं स्वतःचं नाव तेलुगू शाळेच्या दाखल्यावर ‘गाजुल’ आणि तेही नावाच्या आधी. मुलाच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘गाजूल’, नावाच्या शेवटी. नातीच्या आधार कार्डवर इंग्रजीवरून आलेलं ‘गाजुला’. चार पिढ्या, चार कागद, चार लिप्यांतून आलेलं एकच आडनाव.

आता नातीला इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं आहे. महाराष्ट्रात पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो. इतर मागास वर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख महत्त्वाची असते. त्याआधीपासून कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं आणि त्याची जात काय होती, हे कागदाने दाखवावं लागतं. म्हणजे आजोबांचा कागद हवा. आणि त्या कागदावरचा गाजुल हाच या मुलीचा आजोबा, हे सिद्ध करायचं ओझं मुलीवर येतं.

घरात सगळ्यांना माहीत असतं की माणूस एकच आहे. पडताळणी समितीला मात्र कागदच पाहावा लागतो. आद्याक्षराचा घोळ आणखी वेगळा. आजोबांच्या जुन्या पगारपत्रकावर नुसतं ‘जी. राजय्या’ असं असेल तर तो ‘जी’ गाजुलचा, गुर्रमचा की गुंडेटीचा, हे त्या कागदावरून कळत नाही. काही ठिकाणी तर फॉर्म भरणाऱ्याने ‘राजय्या’ हेच आडनाव समजून शेवटच्या रकान्यात टाकलेलं असतं. मग बापाचं आडनाव एक आणि मुलाचं दुसरंच.

हाच प्रकार पॅन-आधार जोडणी, मतदार यादी, पीएफ आणि वारस नोंदीतही आडवा येतो. आधीच यंत्रमाग कामगाराकडे पक्के कागद कमी, त्यात असलेले कागदही एकमेकांशी बोलत नाहीत.

यावर करता काय येतं?

पहिली गोष्ट, घरातल्या सगळ्या कागदांवरचं आडनाव एकदा शेजारी-शेजारी लिहून पाहायचं. आजोबांपासून नातवंडांपर्यंत, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. बहुतेक घरांना तफावत कळते ती अर्ज फेटाळला गेल्यावर.

दुसरी गोष्ट, नवीन कागदांसाठी एकच रूप ठरवायचं. शक्यतो शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं, कारण पुढचे बहुतेक कागद त्यावरूनच तयार होतात. रूप कायमचं बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करायची सोय आहे आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. त्यानंतर आधार, पॅन, बँक हे क्रमाने दुरुस्त करता येतात.

तिसरी गोष्ट, जुने कागद ‘चुकीचे’ म्हणून टाकायचे नाहीत. तेलुगू किंवा उर्दूतला कागद असेल तर त्याचं प्रमाणित भाषांतर करून घ्यावं आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात ‘अमुक आणि तमुक ही एकाच व्यक्तीची नावं आहेत’ असं स्पष्ट लिहावं. तेलंगणात राहिलेल्या चुलत घराण्याच्या कागदांवर तेच इंटि पेरु आणि तेच गाव असेल तर वंशावळ मांडताना तेही उपयोगी पडतात. गोत्र मात्र सरकारी कागदावर सहसा नसतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच लिहून ठेवावं लागतं.

आणि चौथी गोष्ट नव्या बाळांची. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर ठरवण्यात आला आहे. म्हणजे जन्मदाखल्यावर आडनाव जसं पडेल तसंच ते शाळा, आधार आणि पासपोर्टपर्यंत जाणार. कामतघरातल्या गाजूल घरात बाळ आलं तर बारशाआधी मोठ्यांनी बसून एवढं ठरवून टाकावं, की ‘जु’ ऱ्हस्व की दीर्घ, आणि शेवटी काना द्यायचा की नाही.